मॉडेल, प्लायची फळी आणि एम.बी. : उपजिल्हा रुग्णालयाच्या कामाच्या नोंदी

७ डिसेंबर २०२४, शनिवार

१०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय, तळमजला अधिक दोन. सोलापूर जिल्ह्यातला कोरडा तालुका. प्लिंथ झाली, भराव दाबणं चालू आहे, तळमजल्याचे निम्मे कॉलम उभे. देखरेख आमच्या सल्लागार कंपनीकडे, त्यातलं नियोजन आणि समन्वय माझ्याकडे.

निविदेत एक ओळ होती: कंत्राटदाराने इमारतीचे बीआयएम मॉडेल (भिंती, पाइप, डक्ट सगळ्याची माहिती असलेली संगणकावरची त्रिमित प्रतिकृती) सादर करावे. बस्स. मॉडेलमध्ये काय काय हवं, कोणत्या टप्प्याला हवं, ते बघून निर्णय कोण घेणार, याबद्दल एक अक्षर नाही. कंत्राटदाराने पुण्यातून मॉडेल करून आणलं, पेनड्राइव्ह पाकिटात घातला, पाकीट फाईलला टाचलं आणि पोच घेतली. अट पूर्ण झाली. आज उपअभियंता साहेबांकडून ते पाकीट मागून घेतलं. "बघा काही उपयोग होतोय का," म्हणाले. टाचणीला गंज चढायला लागला होता.

ब्रिटनने सरकारी कामांना बीआयएम लावायचं २०११ च्या धोरणात ठरवलं आणि सक्ती आणली एप्रिल २०१६ पासून. कोणती माहिती, कोणी, कोणत्या टप्प्याला द्यायची याचे नियम बसवायला मधे पाच वर्षं घेतली. नागपूर मेट्रोने मॉडेलला वेळापत्रक आणि खर्चही जोडला, 'फाइव्ह-डी' म्हणतात ते. पण तिथे महामेट्रो नावाचा एकच मालक होता आणि सगळ्या कंत्राटदारांना त्याचीच यंत्रणा वापरावी लागत होती. इथे शाखा अभियंत्याकडे आणखी दोन कामं आहेत, आणि विजेची निविदा वेगळी, गॅस पाइपलाइनची त्याहून वेगळी. नागपूरची नक्कल इथे चालणार नाही. जे आहे त्यात काय जमतं ते बघायचं.

१२ डिसेंबर

ढाचा, भिंती, पाणी-सांडपाणी, एसीचे डक्ट, केबल ट्रे अशा सुट्या फाइल आहेत. काम नीटनेटकं आहे, फक्त त्या एकमेकींवर ठेवून कोणी बघितल्या नव्हत्या. आज नेव्हिसवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केल्या. पहिल्या फेरीत चार आकडी क्लॅश, म्हणजे दोन गोष्टी एकाच जागेत घुसलेल्या. हा आकडा बैठकीत सांगायचा नसतो, ऐकून लोक एकतर घाबरतात नाहीतर हसतात. बहुतेक फुकटचे: भिंतीतून जाणारे पाइप, हँगरला चाटणारं इन्सुलेशन, एकाच डक्टची एकाच बीमशी दहा वेळा गाठ. जागेप्रमाणे गट पाडले की खरे थोडेच उरतात. खरा क्लॅश म्हणजे ज्याच्यासाठी कोणाला तरी नकाशा बदलून सही करावी लागेल, तो.

सर्वांत वाईट आहे ऑपरेशन थिएटरसमोरचा कॉरिडॉर. फरशीपासून फरशीपर्यंत ४.२ मीटर, ऐकायला ऐसपैस. वरच्या मजल्याचा कोबा-फरशी ७५ आणि बीम ७५० वजा केले की बीमखाली उरतात ३३७५ मिलिमीटर. फॉल्स सीलिंग २७०० वर. म्हणजे मधे ६७५. डक्ट ५००, इन्सुलेशन धरून ५५०. उरले १२५, त्यात सीलिंगची फ्रेम आणि दिवे. इथवर कसंबसं बसतं. पण वरच्या स्त्री कक्षाच्या संडासाचा ११० चा पाइप हाच कॉरिडॉर आडवा ओलांडून पलीकडच्या शाफ्टला जातो. सहा मीटर लांबी, १:४० उतार, म्हणजे दुसऱ्या टोकाला पाइप १५० मिलिमीटर खाली आलेला. जायचं कुठून? डक्टमधून जाता येत नाही, बीमला भोक मारू देणार नाहीत. आणि जागा असती तरी थिएटरच्या दारासमोर छतातून मैलापाणी कोण नेतं?

वास्तुविशारदांचा नकाशा बरोबर आहे, प्लंबिंगचा बरोबर आहे, एसीचा बरोबर आहे. तिघांवर सह्या आहेत.

२१ डिसेंबर, शनिवार

फोनवर मॉडेलची आयएफसी फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) उघडून प्लंबरला कॉरिडॉर दाखवला. त्याने बोटाने मॉडेल फिरवलं, खालून बघितलं, वरून बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, पुढचं पुढं. स्लॅब झाल्यावर कोअर मारू की." त्याचंही चुकत नाही. आजवर प्रत्येक इमारतीत असंच झालंय. स्लॅब पडतो, मग कोअरचं मशिन येतं, सळया तुटतात, भोकाभोवती ग्राउट भरलं जातं आणि पहिल्या पावसाळ्यात तिथून ओल उतरते. निविदेत कोअर कटिंगची बाब नसते. म्हणजे ते पैसे कोणीतरी खिशातून घालतो नाहीतर दुसऱ्या बाबीत बसवतो.

पर्याय ठरला: पाइपने कॉरिडॉर ओलांडायचाच नाही. संडासाच्या थेट खाली स्टोअर आहे, त्याच्या कोपऱ्यात ६०० × ९०० चा नवा शाफ्ट. स्टोअरची एक मांडणी जाईल. स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणाले, ओपनिंग स्लॅबमध्ये ठेवलं तर कडेला जादा सळया देऊन भागेल, आठ दिवसांत डिटेल देतो. वास्तुविशारद म्हणाले, खात्याने कळवलं तर बदलतो. खात्याकडून म्हणणं आलं, वास्तुविशारदांनी सुचवलं तर कळवतो.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आज पहिली फळीची बैठक. जुन्या शटरिंगच्या दोन प्लाय घासून, पांढरा रंग मारून साइट ऑफिसच्या भिंतीला ठोकल्या. वर सहा आठवड्यांचे सहा रकाने. चिठ्ठ्यांचा रंग टोळीप्रमाणे: सेंटरिंग पिवळी, सळईकाम गुलाबी, प्लंबिंग हिरवी, वीज निळी.

पद्धत नवी नाही. लॉरी कोस्केला यांनी १९९२ मध्ये स्टॅनफर्डच्या अहवालात कारखान्यातला उत्पादनाचा विचार बांधकामाला लावून दाखवला. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी त्याच दशकात 'लास्ट प्लॅनर' ही नियोजनाची पद्धत उभी केली. पुढच्या आठवड्याचं काम वरून सांगायचं नाही, ज्याच्या हातून होणार त्याने कबूल करायचं. त्याआधी अडथळे निघालेत का बघायचं. आणि शनिवारी मोजायचं: कबूल केलेल्यापैकी पूर्ण किती. अर्धं झालेलं धरायचं नाही. या टक्केवारीला पीपीसी म्हणतात.

बैठक रंगली नाही. मुकादमांना वाटलं कबुली म्हणजे कागद, आणि कागद म्हणजे उद्याची कपात. सेंटरिंगच्या मिस्त्रीने सरळ विचारलं, "नाही झालं तर पैसे कापणार का?" कंत्राटदाराच्या साइट इंजिनियरने सगळ्यांसमोर नाही म्हणून सांगितलं. मगच त्याने चिठ्ठी लिहिली, तीही दुसऱ्याकडून लिहवून घेतली.

११ जानेवारी, शनिवार

२० कबुल्या, ९ पूर्ण. अमेरिकेत पहिल्यांदा मोजलं तेव्हाही साधारण निम्मंच काम होत होतं, त्यामुळे धक्का नाही. राहिलेल्या ११ ची कारणं बोलकी आहेत. मजूर कमी म्हणून दोन, माल आला नाही म्हणून तीन, पंप बिघडला म्हणून एक. उरलेली पाच 'नकाशा / निर्णय नाही'. साइटवर उशीर झाला की आपण बिगारी आणि मुकादमाकडे बघतो. इथे सर्वांत मोठा गठ्ठा ऑफिसच्या टेबलावरचा निघाला.

म्हणून फळीच्या उजव्या बाजूला अडथळ्यांचा रकाना काढला. अडथळा, कोणी काढायचा, कोणत्या तारखेला. 'शाफ्टच्या बदलाला मंजुरी' यापुढे 'उपअभियंता' लिहून १८ तारीख टाकली. कंत्राटदाराचा माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

१८ जानेवारी, शनिवार

साहेब स्वतः आले. फळीपुढे उभे राहिले. "हे काय, मला पण चिठ्ठी?" सगळे गप्प. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, १८ खोडून २४ केलं, शेजारी सही केली. म्हणाले, "अधीक्षक अभियंत्यांकडे जायला लागतंय, खर्च वाढत नसला तरी." नंतर स्टोअरची मांडणी जाते हे आरोग्य खात्याला कळवलंय का, तेही विचारलं. कोणी कळवलं नव्हतं. तीही चिठ्ठी लागली.

मॉडेलचा स्क्रीनशॉट त्यांनी टिपणीला जोडून मागितला. एका पानावर: लाल रंगात पाइप, निळ्यात डक्ट, शेजारी मापं. वर गेल्यावर कोणी प्रश्न विचारला नाही म्हणे. दोन पानी पत्राला हमखास शेरा आला असता, 'खुलासा करावा'.

२४ जानेवारी

मंजुरी आली.

१ फेब्रुवारी, शनिवार

मजल्याचा स्लॅब कंत्राटदार दोन भागांत टाकणार होता, एक मोठा, एक लहान. म्हणजे मोठ्या भागाला सेंटरिंगच्या प्लेटा कमी पडणार आणि लहान भागाला सळईवाले बसून राहणार. मॉडेलमधून क्षेत्रफळं काढून जवळपास सारखे तीन भाग केले, बांधकाम सांधे स्ट्रक्चरलवाल्यांच्या खुणेवर. सेंटरिंग पुढे, मागे सळई, त्यामागे पाइप-कंड्युट, मग काँक्रीट. टोळ्या एकामागून एक सरकत राहाव्यात एवढंच.

याला मर्यादा घालतं आयएस ४५६, काँक्रीटकामाचं भारतीय मानक. ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यापुढे १४, आणि सहा मीटरच्या वरच्या बीमखालचे २१. कॉरिडॉरच्या कडेचे बीम सात मीटरचे आहेत. मिस्त्रीला तिथले टेकू दहाव्या दिवशी काढून पुढच्या भागाला लावायचे होते, कारण काम अंगावर घेतलंय, टेकू अडकला की त्याचा पैसा अडकतो. वेग वाढवा म्हणणाऱ्या बैठकीतच त्याला नाही म्हणावं लागलं. कंत्राटदाराने भाड्याने जादा टेकू आणायचे ठरले. ते पैसे जातील, पण तीन भागांच्या चक्रामुळे वाचणारे दिवस त्याहून महाग आहेत हे त्याच्याच साइट इंजिनियरने गणित मांडून पटवलं.

विजेची निविदा उघडली आहे, कार्यादेश अजून नाही. स्लॅबमधले कंड्युट कोण टाकणार? स्थापत्यच्या कंत्राटदाराने टाकले तर मोजायचे कोणाच्या बिलात? शेवटी खात्याच्या विद्युत शाखेच्या अभियंत्याने मॉडेल बघून जागा नक्की केल्या आणि तेवढे पाइप जादा बाब म्हणून स्थापत्यकडून घ्यायचं ठरलं. मॉडेल नसतं तर तो अभियंता दिव्यांच्या जागा सांगायलाच तयार नव्हता, कारण फॉल्स सीलिंगचा नकाशा हातात नव्हता.

१० फेब्रुवारी

पहिला भाग पडला. रात्री उशिरापर्यंत पंप चालू. शाफ्टचं ओपनिंग प्लायच्या पेटीने जागच्या जागी, कडेला जादा सळया. प्लंबर स्वतः टेप घेऊन मोजून गेला.

८ मार्च, शनिवार

पीपीसी तीन आठवडे सत्तरच्या वर. खूश व्हायच्या आधी चिठ्ठ्या वाचल्या. पूर्वी 'बी भागाची सेंटरिंग' अशी चिठ्ठी असायची, आता 'बी भाग, ग्रिड ४ ते ५, प्लेटा' अशी. लहान कबूल करायचं, पूर्ण करायचं, टक्केवारी वर. परीक्षेत सोपा पेपर काढल्यासारखं. काही अंशी हे चांगलंच, बारीक तुकडे केल्याने अडचण लवकर दिसते. पण सहा आठवड्यांच्या नियोजनात जे यायला हवं होतं त्यातलं किती आलं, हेही आता शेजारी लिहिणार. तो आकडा पीपीसीइतका देखणा नाही.

सेंटरिंगची टोळी बिहारची. धुळवड १४ तारखेला, म्हणजे सोमवारपासून गाडी पकडायला सुरुवात. हे दरवर्षी 'अचानक' होतं. या वेळी जानेवारीतच फळीवर लागलेलं होतं, त्यामुळे मधल्या काळात विजापूरकडचे गवंडी तळमजल्याचं ब्लॉककाम धरतील. मिस्त्रीने परतीची तारीख दिली आहे. बघू.

२७ मार्च

मार्च एन्ड. या आठवड्यात साइटवर कोणी अभियंता नाही, सगळे बिलांत. तिसरं रनिंग बिल टेबलावर आहे, निधी कधी उतरेल कोणी सांगत नाही. कंत्राटदाराने सळईची पुढची गाडी थांबवली. उधारी वाढली की डेपोवाला फोन घेत नाही.

लीनच्या, म्हणजे या फळीमागच्या कारखान्यातल्या विचाराच्या, पुस्तकात 'प्रवाह' म्हणजे मालाचा, माणसांचा, माहितीचा. सरकारी कामात पहिला प्रवाह पैशाचा, आणि तो फळीवर कुठेच नव्हता. आज लावला: 'आर.ए. बिल ३, पारित होणे'. जबाबदार कोण याच्यापुढे जागा मोकळी ठेवली आहे, कारण खरंच एक नाव नाही. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत म्हटलंय की चालू बिलाच्या किमान ७५ टक्के रक्कम १० कामकाजाच्या दिवसांत द्यावी आणि तपासणी मागून पूर्ण करावी. ते केंद्राच्या कामांना. आमचं काम राज्याचं. पण ७५ टक्के आधी आणि तपासणी नंतर हा क्रम इथे असता तर मार्चमधल्या निम्म्या चिठ्ठ्या सरकवाव्या लागल्या नसत्या.

१२ एप्रिल, शनिवार

तळमजल्याचा आतला गिलावा सुरू, आणि मॉडेलचं पहिलं खरं भांडण. कंत्राटदाराचं मोजमाप जास्त, मॉडेलमधून काढलेलं कमी. शाखा अभियंत्याच्या हातात मॉडेलचा तक्ता पडला आणि त्याने बिलातलं मोजमाप फुगवलंय असा शेरा मारायला घेतला. थांबवलं.

मॉडेल भिंतीचं निव्वळ क्षेत्रफळ देतं. दार असेल तिथे दोन्ही बाजूंनी वजा. एम.बी., म्हणजे बिलासाठीची मोजमाप वही, चालते आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकावर. तिथे ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची वजावटच नाही. ०.५ ते ३ पर्यंत एकाच बाजूची वजावट, पण जांब (उघड्या भागाच्या बाजूच्या कडा) आणि वरचा सॉफिट (वरच्या कडेची खालची बाजू) वेगळा मोजायचा नाही. ३ च्या वर दोन्ही बाजूंची वजावट, मात्र जांब-सॉफिट मोजायचे. म्हणजे संडासाचा ६०० × ६०० चा व्हेंटिलेटर, ०.३६: मॉडेलने वजा केला, एम.बी. करत नाही. खोलीचं १ × २.१ मीटरचं दार, २.१: मॉडेल दोन्हीकडून वजा, एम.बी. एकीकडून. कॉरिडॉरचं १.८ × २.१ चं दुहेरी दार, ३.७८: दोन्हीकडून वजा ठीक, पण जांबांचा गिलावा मॉडेलमध्ये नाहीच. रुग्णालयात दारं आणि व्हेंटिलेटर किती असतात ते मोजा म्हणजे फरक कुठून आला ते कळेल.

दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. गवंडी प्रत्यक्षात किती थापतो आणि सिमेंट किती लागेल ते मॉडेल सांगतं. पैसे कशाचे द्यायचे ते एम.बी. सांगते. दारांचा तक्ता मॉडेलमधून काढून, त्याला आयएस १२०० चे तीन नियम लावून एक शीट केली. आता दोन्हींतला फरक दोन-चार खोल्यांपुरता उरतो, आणि त्या खोल्या टेप घेऊन मोजता येतात. त्यातल्या एका खोलीत खरंच जादा मोजलं होतं. शाखा अभियंत्याने ती शीट त्याच्या दुसऱ्या कामासाठी मागून घेतली.

२७ मे, मंगळवार

मॉन्सून काल मुंबईत पोचला. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर तो कधी आला नव्हता म्हणतात. इथे त्याच्या आधीपासूनच झोडपतोय. मे महिन्यात या तालुक्यात पायताणाला चिखल लागलेला मी बघितला नव्हता. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचा शेवटचा भाग दोनदा पुढे गेला, सळईवर गंजाची पूड.

एक गोष्ट उपयोगी पडली. दर आठवड्याला 'हाताशी ठेवलेलं काम' म्हणून दोन-तीन चिठ्ठ्या बाजूला असतात: अडथळे निघालेले, पण कबूल न केलेले. पहिल्या मजल्याच्या आतल्या भिंतींचे चौकटी-होल्डफास्ट त्यातच होते. पाऊस सुरू झाला त्या दुपारी सेंटरिंगवाले बसले, पण गवंड्यांची रोजी पडली नाही. होळीला गेलेल्यांपैकी काही परतले नव्हते, त्यांच्या जागी आलेल्या पोरांना फळी माहीत नव्हती. मिस्त्रीनेच त्यांना चिठ्ठ्यांचे रंग समजावले.

१४ जून, शनिवार

गॅस पाइपलाइनची एजन्सी आज पहिल्यांदा साइटवर. ऑक्सिजन, व्हॅक्यूम, कॉम्प्रेस्ड एअर. त्यांच्या इंजिनियरने आल्या आल्या कोअर कटिंगचं विचारलं. त्याला स्लीव्ह (पाइप ओवायला आधीच बसवलेल्या नळ्या) दाखवल्या, कॉरिडॉरच्या भिंतीत स्लॅबखाली ओळीने, झाकणं लावलेल्या. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की असं सहसा मिळत नाही.

पण त्यांच्या निविदेला जोडलेला नकाशा जुना, शाफ्ट हलायच्या आधीचा. दोन व्हॉल्व्ह बॉक्स नेमके नव्या शाफ्टच्या भिंतीवर येतात. मॉडेल सुधारलेलं होतं, पण त्यांच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी कोणत्याच करारात लिहिलेली नाही. पुढच्या कामाच्या निविदेसाठी खात्याने आमच्याकडून मसुदा मागितला आहे. त्यात 'मॉडेल सादर करावे' ही ओळ काढून तीन गोष्टी घातल्या: प्रत्येक स्लॅबआधी सगळ्या एजन्सींची क्लॅश बैठक, त्यात निघालेल्या बदलावर निर्णयाची मुदत खात्यासकट प्रत्येकावर, आणि या कामाचे पैसे वेगळ्या बाबीत. तिसरी बाब राहील की कापली जाईल याची खात्री नाही. दरसूचीत नसलेल्या गोष्टीला दर लावताना सगळ्यांचा हात थरथरतो.

२८ जून, शनिवार

व्हॉल्व्ह बॉक्सची जागा नर्सिंग स्टेशनच्या बाजूला सरकवली. वैद्यकीय अधीक्षकांना फोनवर मॉडेल दाखवलं. त्यांना तीच जागा बरी वाटली, बंद करायची वेळ आली तर सिस्टरना धावावं लागणार नाही. त्यांनी दुसरंही विचारलं: इमारत ताब्यात आल्यावर हे मॉडेल आमच्याकडे कोण उघडणार? रुग्णालयात देखभालीला एक इलेक्ट्रिशियन मंजूर आहे, पद रिक्त. अडथळ्यांच्या रकान्यात लावलं, तारीख नाही.

तिसऱ्या बिलातले काही पैसे आले, सळईची गाडी बुधवारी. गच्चीच्या स्लॅबचा पहिला भाग ९ जुलैला, पाऊस उघडला तर. या आठवड्यात १८ पैकी १४. राहिलेल्या चारपैकी दोन पावसामुळे, एक पंप, एक लिफ्टच्या खड्ड्याचा नकाशा. लिफ्टवाल्यांना सोमवारी सकाळी साडेनऊला बोलावलंय.